गाडी बुडाखाली कळावी म्हणून: सिम रेसिंगच्या सीटला बेस शेकर कसे बसवावेत

पावसात घाट उतरताना मागचं चाक किंचित सरकलं, तर ते डोळ्यांच्या आधी कमरेला कळतं. सिम्युलेटरमध्ये नेमकी हीच खबर हरवते. स्टिअरिंगचं फोर्स फीडबॅक, म्हणजे मोटरीने हाताला दिलेला जोर, मुख्यतः पुढच्या दोन चाकांबद्दल बोलतं. मागची बाजू सुटली हे आपल्याला पडद्यावरचं दृश्य तिरकं व्हायला लागल्यावर समजतं. तोवर हात उलटे फिरवायला उशीर झालेला असतो. बेस शेकर नावाच्या उपकरणाने सीटला कंपन द्यायचं ते ही उणीव भरून काढण्यासाठी.

सुरुवातीलाच हे सांगतोय, कारण शेकर विकत घेणारे बहुतेक जण आधी वॉट विचारतात. जास्त वॉट, जास्त हादरा, जास्त मजा, असा हिशेब असतो. दोन दिवस मजा येते. मग इंजिनाची घरघर, रस्त्याची खरखर, गिअरचा धक्का आणि चाकाची घसरण यांचा एकच काला होतो आणि त्यातलं काहीच वेगळं ओळखू येत नाही. माझ्या रिगवर, म्हणजे सीट, स्टिअरिंग आणि पेडल बसवलेल्या सांगाड्यावर, सर्वात जास्त फरक पडला तो मोठा शेकर घेतल्याने नव्हे. सीटखाली योग्य रबर बसवलं आणि सॉफ्टवेअरमधले निम्मे इफेक्ट बंद केले, तेव्हा पडला. म्हणून या लेखात रबर आणि सेटिंग यांना जास्त जागा दिली आहे, खरेदीला कमी.

शेकर म्हणजे काय आणि किती घ्यावेत

बेस शेकर म्हणजे कागदी कोन नसलेला स्पीकर. आत कॉइल आणि चुंबक असतात, पण हवा हलवण्याऐवजी ते एक वजन वरखाली हलवतात. ज्याला तो शेकर घट्ट बोल्ट केला असेल, ती वस्तू त्या वजनाच्या उलट दिशेने हलते. त्याला ॲम्प्लिफायर लागतो आणि ओहमचा (विद्युत रोधाचा) हिशेबही स्पीकरसारखाच करावा लागतो. बहुतेक स्वस्त शेकरचं खरं काम २० ते ८० हर्ट्झच्या पट्ट्यात चालतं.

डेटन ऑडिओचा बीएसटी-१ हा ४ ओहमचा, ५० वॉटचा शेकर सीटसाठी पुरेसा आहे. त्याच कंपनीचा टीटी-२५ हा चपटा, चकतीसारखा शेकर ८ आणि १६ ओहममध्ये मिळतो. तो पेडलच्या प्लेटवर छान बसतो. बटकिकरचा मिनी एलएफई ५ हर्ट्झपर्यंत खाली उतरतो, त्यामुळे मोठा धक्का त्यातून खरा वाटतो. पण किंमत कितीतरी जास्त, शिवाय बाहेरून मागवलात तर कस्टम ड्युटी वेगळी.

मला विचाराल तर सुरुवात दोन शेकरने करा, एक सीटखाली आणि एक पेडलच्या प्लेटवर. बरेच जण सीटच्या डाव्या-उजव्या बाजूला दोन लावतात. मी तसं सुचवत नाही. एकाच सीटवर एका वितीच्या अंतरावर बसवलेल्या दोन शेकरांचं कंपन एकमेकांत मिसळतं आणि डावं-उजवं फारसं कळत नाही. पाय आणि कंबर मात्र शरीराला स्पष्ट वेगळे कळतात. पुढची चाकं ब्रेकखाली लॉक झाली, म्हणजे फिरायची थांबली, की तळपायाला, मागची घसरली की बुडाला, ही वाटणी मेंदू एका संध्याकाळीत शिकतो. चार शेकरचा विचार हे दोन नीट लागल्यावरच करावा.

हातात अगदीच पैसे नसतील तर आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि जुन्या गेमपॅडमधल्या छोट्या मोटरी, हाही एक मार्ग आहे. मोटरीच्या टोकाला एका बाजूला जड असलेलं वजन असतं आणि ती फिरली की थरथरते. अडचण अशी की तिचा जोर आणि तिची वारंवारता एकमेकांना बांधलेली असतात. हळू फिरवली तर कंपन मंद आणि अशक्त, जोरात फिरवली तर तीव्र आणि उंच. शेकरमध्ये ‘४५ हर्ट्झ, पण हळूच’ असं मागता येतं, इथे येत नाही. ब्रेक लॉकसाठी पेडलच्या मागे अशी मोटर चालून जाते, सीटसाठी नाही.

ॲम्प आणि ओहम

टीपीए-३११६ चिपवर चालणारे छोटे क्लास-डी ॲम्प मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत आणि ऑनलाइन सहज मिळतात. खोक्यावर ‘५० + ५० वॉट’ छापलेलं असतं. तो आकडा ४ ओहमवर आणि २१ व्होल्टच्या आसपासच्या पुरवठ्यावरचा आहे, तोही आवाज फाटायला लागलेला असताना. त्याच ॲम्पला १२ व्होल्टचा ॲडॅप्टर लावलात तर ४ ओहमवर साइन लहरीची कमाल शक्ती होते १२ गुणिले १२ भागिले ८, म्हणजे १८ वॉट. म्हणून २४ व्होल्ट, ५ ॲम्पियरचा पुरवठा घ्या. घेताना लॅपटॉपच्या चार्जरसारखा बंद डब्यातला ॲडॅप्टर घ्या. जाळीच्या पत्र्याचा, स्क्रूचे टर्मिनल उघडे असणारा पुरवठा (एसएमपीएस) स्वस्त पडतो, पण त्याच्या तोंडाशी २३० व्होल्ट असतात आणि इथे सगळं सतत थरथरणार आहे.

ओहमची चूक महागात पडते. ४ ओहमचे दोन शेकर समांतर जोडले की २ ओहम होतात. तो भार या छोट्या ॲम्पला झेपत नाही. एका चॅनेलवर एक ४ ओहमचा शेकर, किंवा ८ ओहमचे दोन समांतर, एवढंच करा. आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. या ॲम्पमध्ये दोन्ही चॅनेलची उणे टोकं म्हणजे अर्थिंग नव्हे. ती एकमेकांना किंवा रिगच्या लोखंडाला कधीही जोडू नयेत. वायर वाचवण्यासाठी उणे टोक समाईक केलं की ॲम्प जातो.

ॲम्पवर ब्लूटूथ असेल तर ते विसरून जा. त्यातून येणारा उशीर इतका असतो की चाक घसरून परत पकड येईपर्यंत कंपन सुरूही होत नाही.

साउंड कार्ड

खेळाचा आवाज आणि शेकरचा सिग्नल वेगवेगळ्या रस्त्याने गेले पाहिजेत. दोन शेकरसाठी साधा यूएसबी साउंड डोंगल पुरतो. डावा चॅनेल सीटला, उजवा पेडलला. तीन किंवा चार शेकर लावायचे असतील तर ७.१ चं, म्हणजे आठ चॅनेलचं, यूएसबी कार्ड घ्यावं. त्याच्या प्रत्येक ३.५ मिलिमीटरच्या भोकातून दोन चॅनेल मिळतात आणि प्रत्येक भोकाला एक स्टिरिओ ॲम्प जोडता येतो.

विंडोजमध्ये हे कार्ड डीफॉल्ट ठेवू नका. नाहीतर कुणाचा मेसेज आला की त्याची टिंग सीटमधून येईल. कार्डच्या गुणधर्मांत जाऊन ‘एन्हान्समेंट’ बंद करा. ७.१ असेल तर कॉन्फिगर करताना सगळे स्पीकर फुल रेंज असल्याचं टिक करा. हे राहिलं तर विंडोज बेस कापून सबवूफरच्या चॅनेलकडे वळवतं आणि आपल्याला हवा असलेला नेमका तोच भाग शेकरपर्यंत पोचत नाही. या पायरीला दोन मिनिटं लागतात, पण ‘शेकर लावला पण काहीच जाणवत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

रबर: सगळं काम इथे आहे

सीट थेट लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला बोल्ट केलेली असेल, तर शेकरला सीट, सांगाडा, स्टिअरिंग, मॉनिटरचा स्टँड आणि खालची फरशी हे सगळं हलवावं लागतं. जोर वाया जातो, मॉनिटर थरथरतो, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू दार वाजवतात. सीट रबरावर तरंगती केली की तोच शेकर फक्त सीट आणि तुम्ही एवढंच हलवतो.

पण कुठलंही रबर टाकून भागत नाही. रबरावर ठेवलेल्या वजनाची स्वतःची एक वारंवारता असते आणि ती काढणं सोपं आहे. तुम्ही बसल्यावर रबर किती मिलिमीटर दबतं ते मोजा. १५.८ ला त्या आकड्याच्या वर्गमुळाने भागा, उत्तर हर्ट्झमध्ये येतं. रबर २.५ मिलिमीटर दबलं तर १५.८ भागिले १.५८, म्हणजे १० हर्ट्झ. या वारंवारतेच्या साधारण १.४ पटीच्या वर, म्हणजे इथे १४ हर्ट्झच्या पुढे, रबर कंपन अडवायला लागतं. ४० हर्ट्झच्या कंपनापैकी हिशेबाने जेमतेम ७ टक्केच खाली सांगाड्यात उतरतं. प्रत्यक्षात हलत्या भाराखाली रबर थोडं जास्त कडक वागतं, म्हणून तेवढा फायदा मिळत नाही, पण फरक हाताला स्पष्ट लागतो.

आता उलटं बघा. सीटखाली कडक रबराचा पातळ तुकडा टाकला, तो फक्त ०.२ मिलिमीटर दबला, तर उत्तर येतं ३५ हर्ट्झ. ४० हर्ट्झचं कंपन त्याच्या इतकं जवळ आहे की ते रबर कंपन अडवण्याऐवजी वाढवून खाली पाठवतं. ‘रबर टाकलं तरी खालच्यांची तक्रार वाढली’ असं सांगणारे लोक खोटं बोलत नसतात.

म्हणजे आपल्याला २ ते ३ मिलिमीटर दबणारं रबर हवं. तुमचं वजन ७५ किलो आणि सीट १२ किलो धरली तर चार रबरांवर प्रत्येकी २२ किलो येतात. दुकानात जाऊन ‘२५ ते ३० किलोचं बॉबिन माउंटिंग’ मागा. रबराचा गोळा आणि त्याच्या दोन्ही तोंडांना वेगवेगळे एम-८ चे बोल्ट, असा हा प्रकार असतो. जनरेटर, पंप आणि छोटे कॉम्प्रेसर यांच्याखाली बसवतात तोच. मागच्या दोन रबरांवर वजन जास्त येतं, हे सीटवर बसून पट्टीने मोजलंत की लगेच दिसेल. मागे थोडं कडक आणि पुढे थोडं मऊ घेतलं तर सीट सपाट राहते.

३ मिलिमीटरच्या पुढे मात्र जाऊ नका. सीट डुलायला लागते, आणि लोड सेलचा (पेडल किती सरकलं याऐवजी किती जोराने दाबलं ते मोजणारा) ब्रेक दाबताना पाठ मागे सरकली की पायाचा अंदाज बिघडतो.

रबराच्या बाबतीत सर्रास होणारी चूक म्हणजे वॉशरसारखं रबर घेऊन त्याच्या मधून सीटचा बोल्ट आरपार घालणं आणि नट कचकचून आवळणं. मग वर आणि खाली रबर असलं तरी मधून लोखंडाचा सरळ रस्ता तयार होतो आणि कंपन त्याच रस्त्याने जातं. बॉबिनमध्ये वरचा आणि खालचा बोल्ट एकमेकांना टेकत नाहीत, म्हणून त्याचा आग्रह. सीट सरकवण्याचे रूळ असतील तर रबर रुळांच्या वर, सीटच्या बाजूला बसवा. रूळ सैल असतील तर ते खडखडतात आणि तो आवाज हेडफोनमधूनही ऐकू येतो.

पेडलचं गणित वेगळं आहे. पेडलखाली मऊ रबर टाकू नये, कारण ब्रेकवर ५०-६० किलोचा जोर देताना प्लेट हलली तर ब्रेक मारण्याची सवय कधीच पक्की होणार नाही. तिथे रबर न घालता छोटा शेकर थेट ब्रेक पेडलच्या पायथ्याशी किंवा टाचेच्या प्लेटखाली लावा. जोर कमी ठेवला तरी बूट काढून, मोज्यांवर बसलं की कंपन चांगलं जाणवतं.

शेकर कुठे आणि कसा बसवायचा

शेकर नेहमी रबराच्या वरच्या, म्हणजे सीटच्या बाजूला. हे उघड वाटेल, पण सांगाड्याच्या आडव्या पट्टीला शेकर आणि त्याच्या वर रबरावर सीट, अशीही रिग मी पाहिली आहे. त्यात रबर बिचारं तुमचंच कंपन तुमच्यापासून अडवत होतं.

फायबरची बकेट सीट असेल तर काम सोपं आहे. तिच्या बाजूच्या ब्रॅकेटांना जोडणारी आडवी पट्टी टाका आणि तिच्या मध्यावर शेकर लटकवा. गाडीची जुनी सीट असेल, मुंबईत कुर्ल्याला किंवा गावातल्या भंगारवाल्याकडे चांगल्या सीट मिळतात, तर तिच्यात फोम आणि स्प्रिंग असतात. फोम ५० हर्ट्झच्या वरचं बरंच काही गिळतो. अशा सीटला शेकर खालच्या पत्र्याला न लावता मुख्य लोखंडी चौकटीला लावा.

पट्टी ६ मिलिमीटर जाडीची घ्या. पातळ पत्रा स्वतःच वाजतो, आणि आपल्याला हवं ते कंपन देण्याऐवजी एकाच सुरात गुणगुणत राहतो. १८ मिलिमीटरचं प्लायवुडही चांगलं चालतं. फक्त बोल्टखाली मोठे वॉशर द्या, नाहीतर डोकं लाकडात रुतत जातं आणि पकड सुटते. शेकरला जेवढी भोकं असतील तेवढे सगळे बोल्ट लावा. नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले घ्या, जिथे नायलॉक बसत नाही तिथे निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे चिकटवून धरणाऱ्या द्रवाचा) एक थेंब. साध्या स्प्रिंग वॉशरवर विसंबू नका.

दिशाही महत्त्वाची. आतलं वजन शेकरच्या तोंडाशी काटकोनात हलतं. सीटच्या बुडाखाली आडवा बसवला तर कंपन वर-खाली येतं, आणि ते आपल्याला हवं आहे. पाठीला लावायचा असेल तर कमरेच्या उंचीवर. खांद्यापाशी लावला तर डोकं आणि डोळे थरथरतात आणि ब्रेक कुठे मारायचा ते दाखवणारा लांबचा बोर्ड पुसट दिसतो.

वायर १.५ चौरस मिलिमीटरची, लवचिक, अनेक बारीक तारांची घ्या. सीटपासून सांगाड्यापर्यंत येताना ती ताणलेली नको, एक सैल वळसा ठेवा. शेकरच्या टोकांना नुसती पिळून लावलेली तार महिन्याभरात तुटते. लग दाबून लावा किंवा सोल्डर करून वर श्रिंक ट्यूब चढवा.

पहिल्यांदा चालू करताना

ॲम्पचा आवाज शून्यावर ठेवा. बेस आणि ट्रेबलची बटणं मध्यावर. संगणक चालू करा, विंडोजमध्ये त्या साउंड कार्डचा आवाज १०० वर न्या, मग ॲम्प चालू करा. आता ४० हर्ट्झचा सूर सोडा. असे सूर तयार करणारी फुकट साधनं भरपूर आहेत, शेकर चालवणाऱ्या सिमहब या सॉफ्टवेअरमध्येही चाचणीची सोय आहे. सीटवर बसून ॲम्पचं बटण हळूहळू वाढवा. ‘खट् खट्’ असा धातूचा आवाज आला की आतलं वजन टोकाला आपटतंय. लगेच मागे या आणि त्या जागेच्या थोडं अलीकडे बटणावर खूण करा. ती तुमच्या ॲम्पची कायमची कमाल मर्यादा. यापुढे कमी-जास्त सगळं सॉफ्टवेअरमधून.

मग वही घ्या. २० पासून ८० हर्ट्झपर्यंत ५-५ च्या टप्प्याने सूर सोडा आणि प्रत्येक टप्प्याला जोर किती वाटतो, कुठला नट वाजतो, मॉनिटर हलतो का, ते लिहा. प्रत्येक रिगला एक-दोन जागी उसळी असते. माझ्या सीटला ती ३८ च्या आसपास आहे, तिथे थोडक्यात खूप मिळतं. आणि ५५ ला चाव्या ठेवायची तबकडी खणखणायची. ही अर्ध्या तासाची नोंद पुढचे सगळे आकडे ठरवते.

सिमहबमधली मांडणी

बहुतेक रेसिंग खेळ गाडीची माहिती, म्हणजे चाकाचा वेग, सस्पेन्शन, इंजिनाचे फेरे, सतत बाहेर देत असतात. असेटो कोर्सा ती संगणकाच्या सामायिक मेमरीतून देतो, एफ-१ मालिकेतले खेळ नेटवर्कवरून, मुळात २०७७७ या पोर्टवर. सिमहब ती माहिती वाचून त्यातून शेकरसाठी सूर तयार करतो. खेळाचा आवाजच गाळून शेकरला देण्याचीही एक पद्धत आहे, पण त्यात मागच्या चाकाची घसरण आणि शेजारच्या गाडीचं इंजिन एकाच वाटेने येतात. ती घेऊ नका.

सिमहबची फुकट आवृत्ती सेकंदाला १० वेळा माहिती घेते, परवाना घेतलेली ६० वेळा. कागदावर फरक छोटा वाटतो. पण ताशी १८० किलोमीटरने गाडी सेकंदाला ५० मीटर जाते, म्हणजे फुकट आवृत्तीत दोन नोंदींच्या मध्ये ५ मीटर निघून जातात. सगळं जोडून झालं, चालतंय अशी खात्री झाली, की परवाना घ्या. या सगळ्या खर्चात त्याइतका सार्थकी लागणारा पैसा दुसरा नाही.

शेक-इट बेस शेकर्स हा भाग चालू करा, तुमचं साउंड कार्ड निवडा, आणि आधी सगळेच्या सगळे इफेक्ट बंद करा. आता एकेक उघडायचा.

पहिला, ब्रेकखाली चाक लॉक होणं, आणि तो फक्त पेडलच्या चॅनेलवर. टायर सगळ्यात चांगला ब्रेक लावतो तो थोडा घसरत असताना, साधारण १० ते २० टक्के. पूर्ण लॉक झाल्यावर कंपन आलं तर ती शिळी बातमी. म्हणून ज्या ट्रॅकवर तुम्हाला डोळे मिटून ब्रेकची जागा माहीत आहे, तिथे एबीएस नसलेली गाडी घ्या. प्रत्येक फेरीला थोडा जास्त ब्रेक मारत जा आणि टायरचा पहिला चीत्कार ऐकू येतो त्या क्षणी पाय थरथरेल असा थ्रेशोल्ड, म्हणजे कंपन सुरू होण्याची मर्यादा, लावा. वारंवारता उंच, ६५ च्या आसपास ठेवा. दहा फेऱ्या फक्त एवढ्यावर चालवा. माझा पाय तिसऱ्या दिवशी आपोआप त्या थरथरीच्या काठावर थांबायला लागला, आणि तेव्हा या सगळ्या खटाटोपाचं मोल कळलं.

दुसरा, मागच्या चाकांची घसरण, फक्त सीटवर. वारंवारता ४५ च्या आसपास. थ्रेशोल्ड असा की वळणातून बाहेर येताना ॲक्सिलरेटरचं पाऊल जरा घाईने पडलं तरच येईल. प्रत्येक वळणावर येत असेल तर तो जास्त संवेदनशील झालाय. एकाच गाडीवर बसवलेला हा आकडा दुसऱ्या गाडीवर जसाच्या तसा लागू पडत नाही, म्हणून गाडीप्रमाणे प्रोफाइल वेगळी जतन करा.

तिसरा, कर्ब (ट्रॅकच्या कडेची उंचवट्याची पट्टी) आणि खड्डे. हे सस्पेन्शनच्या हालचालीवरून काढलं जातं. इथे एकसुरी सूर देऊ नका, थोडा गोंगाट मिसळलात तर रस्ता रस्त्यासारखा वाटतो. कर्बला मात्र जोर मोकळा सोडा. कर्बवर चढलेली गाडी अंगाला लागलीच पाहिजे.

गिअरचा धक्का ३० हर्ट्झला, ८० ते १०० मिलिसेकंद, बस. तो बातमी देतो ती एवढीच की गिअर पडला, पण ती खात्री असली की नजर डॅशबोर्डवर जात नाही.

इंजिन सगळ्यात शेवटी, आणि सगळ्यात हळू. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्याला दोन स्फोट होतात. ९०० आरपीएमवर ते सेकंदाला ३०, म्हणजे आयडलला सीटमध्ये जाणवणारी घरघर ही खरीच शेकरच्या पट्ट्यातली आहे. पण ६००० आरपीएमला तोच आकडा २०० हर्ट्झ होतो आणि तिथे हे शेकर पोचत नाहीत. म्हणून सॉफ्टवेअर तो आकडा ओढूनताणून खालच्या पट्ट्यात बसवतं. त्यामुळे रेसमध्ये सतत एक बनावट भुणभुण राहते आणि मागच्या चाकाची हळुवार सुरुवात तिच्याखाली दडपते. मी आयडलपुरतं इंजिन ठेवलंय, वरचं काढून टाकलंय. पिटमध्ये उभं असताना गाडी जिवंत वाटते, सुटल्यावर सीट गप्प होते, आणि त्या शांततेत मागचा टायर बोलला की ऐकू येतं.

इथे दिलेले हर्ट्झचे आकडे माझ्या रिगवरचे आहेत. तुमच्या वहीतल्या नोंदीप्रमाणे ते सरकवा. तत्त्व एवढंच की एकाच शेकरवरच्या दोन बातम्यांमध्ये किमान १०-१५ हर्ट्झचं अंतर असू द्या.

घर, शेजार आणि किरकोळ दुखणी

फ्लॅटमध्ये राहत असाल तर रात्री खेळण्याआधी एक चाचणी करा. स्टीलच्या थाळीत बोटभर पाणी घेऊन ती रिगजवळ फरशीवर ठेवा आणि ४० हर्ट्झचा सूर नेहमीच्या जोराने सोडा. पाण्यावर वर्तुळं उठली तर कंपन फरशीत जातंय. आधी सीटच्या रबरात कुठे लोखंड लोखंडाला टेकलंय का ते शोधा. ते ठीक असेल तर रिगच्या पायांखाली दुसरा टप्पा द्या. जिममधली पातळ चटई आवाज थोडा मऊ करते, पण ४० हर्ट्झला तिचा फारसा उपयोग नाही, ती पुरेशी दबतच नाही. वॉशिंग मशीनखाली बसवतात ते जाड रबरी पाय तिच्यापेक्षा बरे. पेडलच्या शेकरला खाली रबर नसतं, त्यामुळे रात्री सर्वात आधी त्याचा जोर कमी करावा.

खेळ बंद असतानाही सीट गुणगुणत असेल तर तो अर्थिंगचा लूप आहे, म्हणजे संगणक आणि ॲम्प यांचं अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेलंय. संगणक आणि ॲम्प एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. ॲम्पला दोन पिनांचा ॲडॅप्टर लावल्यावर बऱ्याचदा तो जातो. बाजारात ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची छोटी डबी मिळते. तिच्यातले ट्रान्सफॉर्मर इतके लहान असतात की खालचा बेसच खातात. गाडीच्या स्टिरिओसाठी ती ठीक, शेकरसाठी नाही.

शेकर कोमट होणं चालतं. हात ठेवला आणि चटका बसला तर कुठला तरी इफेक्ट सतत चालू राहतोय, बहुधा इंजिन किंवा रस्त्याची खरखर.

कंबरेचं किंवा मणक्याचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नका. पेसमेकर असलेल्या माणसाला या सीटवर बसवू नका, आतलं चुंबक ताकदवान असतं. मुलांना बसवताना जोर अर्ध्यावर आणा. त्यांच्या वजनाला रबर कमी दबतं आणि सीट वेगळीच वागते.

पहिल्या दहा तासांनंतर रिग उलटी करून सगळे बोल्ट पुन्हा पान्याने तपासा. शेकरचे, पट्टीचे, बॉबिनचे वरचे आणि खालचे. दोन-तीन तरी थोडे फिरलेले सापडतात. त्या वेळी प्रत्येक नटावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून मार्करची एक सरळ रेघ ओढून ठेवा. पुढच्या वेळी पाना लावायची गरज नाही. रेघ तुटलेली दिसली की तो नट आवळायचा.